तिसरा गुलाबही मरायला टेकलाय. मुंबईत बाल्कनीत गुलाब जगतो का?

चौथा_मजला | १८ ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले, पण तिथले गुलाब बहुतेक पुण्या-नाशकाचे, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी मुलुंडला राहते. दक्षिणेची बाल्कनी, ग्रिलच्या आत जेमतेम सहा कुंड्या मावतात. जानेवारीत हातगाडीवरून लाल गुलाब घेतला. आणला तेव्हा तीन फुलं आणि पाच कळ्या होत्या. नवऱ्याने फोटो काढून सासूबाईंना पाठवला, त्या फक्त "बघू" म्हणाल्या. फेब्रुवारीत दोन फुलं आली, मार्चमध्ये एकच, तेही बोराएवढं. एप्रिलपासून नुसती पानं. आता पानांवर काळे ठिपके, भोवती पिवळं, आणि रोज सकाळी कुंडीत सात-आठ पानं गळून पडलेली. प्रत्येक शेंड्याला चार पानं उरलीत, नारळाच्या झाडासारखी.

हा तिसरा. आधीचे दोन असेच गेले. खत म्हणाल तर महिन्याला मूठभर गांडूळखत, कांद्याच्या सालींचं पाणी, केळ्याची सालं, चहाची पावडर आणि मधूनमधून ताक. अजून काय द्यायला हवं?

पेठकर | १८ ऑगस्ट, रात्री ११.०२

पुण्यात राहायला या.

(गंमत हो. पण मुंबईची दमट हवा गुलाबाला मानवत नाही हे खरं. जास्वंद लावा, सुखी व्हाल.)

निमूट | १८ ऑगस्ट, रात्री ११.१०

कांदा, केळं, चहा, ताक… झाड आहे की जावई?

कात्रीवाले_काका | १९ ऑगस्ट, सकाळी ६.१५

पेठकर, बावीस वर्षं मुंबईत गुलाब लावतोय. जगतो. पुण्याचं वेळापत्रक घेऊन बसलं की मरतो.

ताई, आधी खत थांबवा. सगळंच. आजारी माणसाला आपण पुरणपोळी वाढत नाही.

आता उन्हाचं सांगतो, कारण तुमचं अर्धं दुखणं तिथे आहे. तुमची बाल्कनी दक्षिणेची. जानेवारीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, ऊन तिरकं येऊन पार खोलीतल्या लादीपर्यंत पोचतं. मार्च सरता सरता सूर्य वर चढतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवायला लागतो. मुंबई १९ अंश अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून चक्क उत्तरेकडे सरकलेला असतो. त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन जवळजवळ नाहीच. गुलाबाला किमान पाच तास लागतं. तुमच्या झाडाने एप्रिलपासून फूल दिलं नाही, कारण ते एप्रिलपासून उपाशी आहे. कांद्याच्या पाण्याने ती भूक भागत नाही.

आणि जूनपासून चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आधीच अशक्त झालेलं झाड, त्यात पानं सुकायला वेळच नाही. काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं तरी पुरतं. मुंबईच्या पावसाळ्यात पान सात दिवस ओलं असतं.

आज करायचं ते एवढंच: कुंडीत पडलेलं एकूण एक पान वेचा आणि घराबाहेर टाका, कुंडीतच कुजायला ठेवू नका. बुरशी त्या पानांत तग धरून असते, पुढच्या सरीबरोबर तीच वर उडते. ठिपके पडलेली खालची पानंही काढा. कुंडी भिंतीपासून सुटी करून ग्रिलच्या अगदी कडेला आणा. पाणी सकाळी, मुळाशी. संध्याकाळी पानांवर फवारा मारायची हौस असेल तर ती मनी प्लांटवर भागवा.

चौथा_मजला | १९ ऑगस्ट, सकाळी ९.३०

काका, सूर्य उत्तरेला जातो हे भूगोलात शिकलेय, पण माझ्या बाल्कनीतून जातो हे आज कळलं. पानं वेचली, घमेलंभर निघाली. झाडाला आता अकरा पानं आहेत, मोजली.

बीएस्सी_ॲग्री | १९ ऑगस्ट, दुपारी १.२०

काकांना अनुमोदन. भर: पावसाळ्यात मॅन्कोझेब हे बुरशीनाशक २ ग्रॅम प्रति लिटर, पाऊस उघडलेला पाहून, पानांच्या दोन्ही बाजूंना. दहा-बारा दिवसांनी पुन्हा. पुढच्या वेळी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे दुसरं बुरशीनाशक वापरा म्हणजे तेच तेच होणार नाही. ठिपका पडलेलं पान बरं होत नाही, नवीन पानं वाचतात. हातमोजे आणि मास्क घाला. ग्रिलमध्ये कपडे वाळत असतील तर आधी काढा. आणि त्या गुलाबाच्या पाकळ्या खायच्या नाहीत.

निंबोळी तेल सगळे सांगतील. मावा, पिठ्या ढेकूण अशा रस शोषणाऱ्या किडींवर चांगलं आहे, काळ्या ठिपक्यांवर भर पावसात त्याच्या भरवशावर राहू नका. दुसऱ्या सरीत धुऊन जातं.

गुलकंद | १९ ऑगस्ट, दुपारी ३.४५

मी गिरगावातली. आमच्या चाळीच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात गावठी गुलाब आहे, गुलाबी, पूजेचा. सासूबाईंनी लावलेला. त्याला मी कधी काही मारलं नाही. ठिपके त्यालाही पडतात, पानं गळतात, आणि दसऱ्यानंतर पुन्हा फुटतो. तुम्ही सगळे हातगाडीवरचे ते मोठ्या फुलांचे आणता आणि मग रडता.

कात्रीवाले_काका | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ७.००

गुलकंदताईंचं म्हणणं सोळा आणे खरं. हातगाडीवरचे बहुतेक हायब्रिड टी असतात: लांब दांडा, एका दांड्यावर एकच मोठं फूल. या जातीची सुरुवात १८६७च्या 'ला फ्रान्स'पासून धरतात, थंड देशातलं प्रकरण. देखणं पण नाजूक. मुंबईच्या बाल्कनीत पहिल्यांदा लावणाऱ्याने बटण गुलाब किंवा झुपक्याने फुलणारे फ्लोरिबंडा घ्यावेत. आणि जागा असेल तर एक गावठी.

ताई, एक विचारायचं राहिलं. हातगाडीवरून आणलात तेव्हा मुळाशी लाल मातीचा गोळा होता का? तो तसाच कुंडीत ठेवलात?

चौथा_मजला | १९ ऑगस्ट, रात्री ९.१५

हो. गाडीवाल्याने बजावलं होतं, "गोळा फोडू नका, झाड मरेल."

कात्रीवाले_काका | २० ऑगस्ट, सकाळी ६.१०

तेच. तो गोळा चिकणमातीचा असतो, टेम्पोतून येताना सुटू नये म्हणून. कुंडीतली तुमची माती भुसभुशीत आणि मधे हा दगड. पाणी घातलं की गोळ्याच्या कडेने सरळ खाली जातं. वरून कुंडी ओली, खालच्या भोकातून पाणी येतंय, आपण खूश. आत मुळं कोरडी. पावसाळ्यात उलट: एकदा भिजला की सुकत नाही, मुळं गुदमरतात. माझा एक गुलाब मेल्यावर उपटून पाहिला होता. वर्षभरानंतरही गोळा जसाच्या तसा, क्रिकेटच्या चेंडूसारखा, आणि एकही पांढरं मूळ बाहेर आलेलं नाही.

पेठकर | २० ऑगस्ट, सकाळी १०.४०

इथे असहमत. मी कधीच गोळा फोडत नाही. मुळं तुटली की हायब्रिड टी मान टाकतो. माझे वीस गुलाब तसेच लावलेत.

कात्रीवाले_काका | २० ऑगस्ट, सकाळी ११.१५

पेठकर, तुमची गच्ची, तुमचं दिवसभराचं ऊन, तुमची कोरडी हवा. तिथे गोळा चालून जात असेल. आणि मी नारळासारखा फोडा म्हणत नाहीये. बादलीभर पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवायचा, मऊ झाला की बाहेरची माती बोटांनी हळूहळू सोडवायची. मुळं दिसायला लागली की थांबायचं. तसाच बारा इंची कुंडीत लावायचा, कलमाची गाठ मातीच्या दोन बोटं वर ठेवून. आठवडाभर सावलीत.

पण ताई, हे आत्ता करू नका. अकरा पानांवर एवढा धक्का नको. ऑक्टोबरात बघू.

मीठभाकर | २३ ऑगस्ट, दुपारी १२.३०

धाग्याला लागूनच विचारतो, माफ करा. कांदिवली. माझ्या गुलाबाला ठिपके नाहीत, पण नवीन पानं पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्यागार. जाळीदार चित्र काढल्यासारखं. खत वाढवलं तरी तेच.

बीएस्सी_ॲग्री | २३ ऑगस्ट, दुपारी २.००

कुंड्यांना कुठलं पाणी घालता? पालिकेचं की बोअरचं?

मीठभाकर | २३ ऑगस्ट, दुपारी २.२०

सोसायटीत वापराचं पाणी बोअरवेलचं आहे. नळावर पांढरे थर बसतात.

बीएस्सी_ॲग्री | २३ ऑगस्ट, दुपारी २.४५

मग सापडलं. पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा पावसाच्या तलावांचं, मऊ. बोअरचं जड. त्याने मातीचा सामू (पीएच) वर चढतो, आणि माती अल्कधर्मी झाली की तिच्यात लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. गुलाबाला सामू ६ ते ६.५ आवडतो. चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं) मिळतं, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात पानांवर मारा, पंधरवड्यात नवीन पानं हिरवी येतील. पण पाणी बदललं नाही तर पुन्हा तेच. पिण्याच्या नळाचं घाला, नाहीतर एसीचं पाणी बादलीत धरा, त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

जुनी पानं पिवळी पडत असतील तर ते वेगळं दुखणं. इथे नवीन पानं, म्हणून लोह.

मीठभाकर | २३ ऑगस्ट, दुपारी ३.००

एसीचं पाणी! खालच्या मजल्याशी त्यावरूनच भांडण चालू आहे. एका बादलीत दोन प्रश्न सुटले. 🙏

चौथा_मजला | १४ सप्टेंबर, सकाळी ८.२०

धागा वर काढतेय. आनंदाची बातमी! गुलाब वाचला. नुसता वाचला नाही, बुंध्यातून एक फांदी अशी सुसाट निघालीये की तीन आठवड्यांत तीन फूट. हिरवीगार, एक ठिपका नाही. बाकीचं झाड मात्र तसंच मलूल. फोटो टाकलाय.

पेठकर | १४ सप्टेंबर, सकाळी ८.५०

अरेरे.

कात्रीवाले_काका | १४ सप्टेंबर, सकाळी ९.०५

ताई, मन घट्ट करा. कलमाची गाठ सापडतेय का बघा, बुंध्यावर आंब्याच्या कोयीएवढा फुगवटा असेल. ही फांदी त्याच्या वरून निघालीये की खालून?

चौथा_मजला | १४ सप्टेंबर, सकाळी ९.३०

माती थोडी उकरली. खालून. वाईट आहे का?

कात्रीवाले_काका | १४ सप्टेंबर, सकाळी ९.५०

तो तुमचा गुलाब नाही. विकतचा गुलाब म्हणजे दोन झाडं असतात: खाली रानटी जातीचा खुंट, त्यावर डोळा (फांदीवरचा कोंब) भरून बसवलेला तुमचा लाल. वरचा अशक्त झाला की खुंट म्हणतो, मीच वाढतो. सगळं अन्न तो खातो. ठेवलात तर दिवाळीपर्यंत लाल गुलाब संपेल आणि हातात रानटी झुडूप राहील.

कात्रीने कापू नका, कापलं की त्याच जागी चार फुटतात. माती बाजूला करून निघालीये तिथपर्यंत जा आणि खाली ओढून मुळासकट उचकटा. लोक पानं मोजायला सांगतात, एका देठावर पाच पानं असली तर फांदी कलमाची आणि सात असली तर खुंटाची. त्यावर विसंबू नका, चांगल्या जातींनाही सात येतात. निघालीये कुठून, एवढंच बघायचं.

चौथा_मजला | १४ सप्टेंबर, रात्री ८.१५

उचकटली. टचकन आवाज आला. मुलगी म्हणाली, आई, जी चांगली होती तीच का काढलीस?

गुलकंद | १४ सप्टेंबर, रात्री ८.४०

म्हणून म्हणते, गावठी लावा. फांदीपासून लावलेला असतो, त्याला खुंटबिंट नाही. खालून फुटलं तरी तोच.

चौथा_मजला | २७ सप्टेंबर, सकाळी ७.४५

आता नवीन. वरच्या नव्या पानांच्या कडा कुणीतरी कातरल्यात. कुरतडलेल्या नाहीत, कातरलेल्या. नेलकटरने अर्धगोल काढावा तशा, सगळे एका मापाचे. अळी दिसत नाही. निंबोळी तेल आणून ठेवलंय, मारू?

बीएस्सी_ॲग्री | २७ सप्टेंबर, सकाळी ८.१०

थांबा! काही मारू नका. पान कातरणारी मधमाशी आहे ती. सकाळी उन्हात दहा मिनिटं कुंडीपाशी बसा, दिसेल. कडेवर बसते, जबड्याने गोल फिरत कापते, आणि शेवटचा टाका तुटला की तो तुकडा पायांत धरून उडते. पान खात नाही, बिळात पिल्लांसाठी त्या तुकड्यांच्या पुरचुंड्या करते. झाडाला काही होत नाही.

चौथा_मजला | २८ सप्टेंबर, सकाळी ९.००

दिसली!! राखाडी, घरमाशीपेक्षा थोडी मोठी. तुकडा पोटाखाली गुंडाळून नेला, वेफर घेऊन पळाल्यासारखा. मुलीची शाळेची बस चुकली.

होतकरू_माळी | ३० सप्टेंबर, दुपारी ४.००

मला दिवाळीला फुलं हवीत. आत्ताच छाटून टाकू का? काका?

कात्रीवाले_काका | ३० सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

नको. छाटलेल्या टोकाला पावसाचं पाणी लागलं की तिथून फांदी काळी पडत खाली येते, बुंध्यापर्यंत. मुंबईतून पाऊस माघारी जायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. चार-पाच दिवस सलग कोरडं ऊन पडलं की मगच कात्री. दिवाळीची फुलं दादरहून आणा.

छाटणी अशी. कात्री धारदार, सॅनिटायझरने पुसलेली. आधी वाळलेल्या, मग काडेपेटीच्या काडीसारख्या बारीक, मग एकमेकींना घासणाऱ्या काढा. उरलेल्या चार-पाच जाड फांद्या साधारण निम्म्यावर. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा, त्याच्या पाव इंच वर तिरका काप. कापल्यावर आत बघा: गाभा पांढरट-हिरवा हवा. मध्यभागी तपकिरी ठिपका असला तर रोग अजून खाली आहे, आणखी एक डोळा खाली कापा. पांढरं दिसेपर्यंत. जीव कळवळतो, पण कापा. टोकांना कॉपर ऑक्सिक्लोराइडची दाट पेस्ट. आमची आई हळद लावायची.

कुंडीतली वरची तीन इंच माती काढून तिथे शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, दोन चमचे बोनमील (हाडांचा चुरा). डोळे फुटून लालसर पानं आली की मग हवं ते खायला घाला. तेव्हा त्याला भूक असते. छाटणीपासून फूल पंचेचाळीस ते पन्नास दिवस.

निमूट | ३० सप्टेंबर, संध्याकाळी ६.४५

ताकसुद्धा?

कात्रीवाले_काका | ३० सप्टेंबर, संध्याकाळी ६.५०

ताक तुम्ही प्या.

चौथा_मजला | १३ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

केलं. पाच दिवस पाऊस नाही, ऊन कडेपासून आत दीड फूट आलंय. दोन फांद्यांत तपकिरी ठिपका निघाला. एकीत तीनदा कापल्यावर पांढरं दिसलं, दुसरीत दिसलंच नाही, ती पूर्ण गेली. आता कुंडीत वीतभर उंचीच्या तीन काड्या आहेत. गोळाही सोडवला. काका, तुम्ही म्हणालात तसा, चेंडू. नवऱ्याने विचारलं, हा कुठला अंत्यविधी?

मीठभाकर | २ नोव्हेंबर, दुपारी १.००

माझी नवीन पानं हिरवी आलीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन बादल्या मागितल्यात, त्यांच्या तुळशीला.

चौथा_मजला | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

तीन काड्यांना सात फुटवे. पण कबुतराने कुंडीत दोन काटक्या आणून टाकल्यात. काट्यांची त्याला भीती नाही?

पेठकर | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

पुण्यातही नाही. काटक्या रोज काढा. अंडं घातलं की मग तुमच्याच्याने उचलवणार नाही, आणि कुंडी गेली.

चौथा_मजला | ३ डिसेंबर, सकाळी ७.५५

मंडळी, एक्कावन्नावा दिवस. काल संध्याकाळी कळीची टोकं सुटली होती, आज फूल. जानेवारीत आणलं होतं त्यापेक्षा मोठं. तळहात खाली धरून फोटो काढलाय, माप कळावं म्हणून. अजून चार कळ्या आहेत. सासूबाईंना फोटो पाठवला, त्यांचा उलट फोन आला.

एकच तक्रार. वास नाही. नाक लावून पाहिलं, काहीच नाही.

बीएस्सी_ॲग्री | ३ डिसेंबर, सकाळी ८.३०

अभिनंदन! बाजारू हायब्रिडांचं तसंच असतं. फुलाचा टिकाऊपणा, दांडा आणि रंग बघून निवडत गेले, वास मागे राहिला. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कोळी या बारीक किडीवर नजर ठेवा: पानं धूळ बसल्यासारखी दिसली की पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालायला लागले तर तोच. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, सकाळी.

कात्रीवाले_काका | ३ डिसेंबर, सकाळी ८.४५

फूल तोडताना दांड्यावरच्या पाच पानांच्या पहिल्या पेरावर तोडा, तिथून पुढची कळी येईल. जानेवारी-फेब्रुवारीत राणीच्या बागेत पालिकेचं फुलांचं प्रदर्शन असतं, जाऊन या. वास घेऊन पसंत करा, नंतर नावाने मागवा.

गुलकंद | ३ डिसेंबर, सकाळी १०.२०

वास हवा तर गिरगावात या. आमच्या डब्यातलं एक फूल तोडलं की गॅलरीतल्या चार बिऱ्हाडांना कळतं. म्हणून तर पहाटे पाचला कुणीतरी माझ्याआधी तोडून नेतं, देवाला. कोण ते मला माहीत आहे, पण देवाचं नाव घेतल्यावर काय बोलणार.

काडी देईन. आत्ता नाही, श्रावणात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर, नुसती खोचली तरी लागते.

चौथा_मजला | ३ डिसेंबर, सकाळी १०.३५

नक्की येते. कुंडी आणू का तेलाचा डबाच?

गुलकंद | ३ डिसेंबर, सकाळी १०.५०

डबा. तळाला भोकं पाडून आणा, इथे हातोडी नाही.